कढीपत्त्याच्या दोन बादल्या

आई,

मी खायचा सोडा आणायला लोहाऱ्याला जातेय. काल तुम्ही घाण समजून हौद घासलात आणि मी शेजाऱ्यांसमोर तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं. ते खायचं शेवाळ आहे, स्पिरुलिना. त्यात प्रथिनं आणि लोह असतं. आपल्या लहानग्या समृद्धीचं रक्त कमी आहे, म्हणून गोळ्यांच्या जोडीला तिच्या भाकरीत घालणार होते. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

पण तुम्ही पाणी कधी फेकत नाही. हौदातलं पाणी कढीपत्त्याला घालायला भरून ठेवलेल्या दोन्ही बादल्या अजून हिरव्यागार आहेत. एवढ्या विरजणावर हौद पुन्हा धरेल.

बादल्या पळीनं अधूनमधून ढवळा. काल जेवला नाहीत. भाकरी दुरडीत आहे. संध्याकाळी मी आले की हौदाच्या नव्या पाण्यात सोडा घालू, शेवाळाला तो लागतो; मग बादल्या तुमच्याच हातानं ओतायच्या.

दैवशाला