राज्यवस्त्र आणि तुमच्या बादलीवरचं फडकं

आदरणीय वन्संना,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. कंबर हल्ली अर्ध्या वाटेत थांबते आणि तिला परत वर आणायला दुसरं माणूस लागतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं करून घेतलंत, की अजून ‘बघू, बघू’ चाललंय? डोळ्याला त्रास होत असताना रफू करत बसू नका. फाटकं दिसलं की तुम्हाला सुई आठवते, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. माझ्या माहेरच्या पिशवीला भोक होतं, तेसुद्धा तुम्ही मी झोपले असताना बुजवून ठेवलं होतंत. इकडे मी बरी आहे. बरी म्हणजे उठते, इस्पितळासाठी उशांचे अभ्रे शिवते, पेपर पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते आणि झोपते. ह्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं. अजूनही कोणी जिन्यात खोकलं की मी पाण्याचा तांब्या उचलते.

पत्राला कारण असं, की तुम्हाला सावध करायचं आहे. सरकारने मांजरपाटाला राज्यवस्त्र केलं. थट्टा नाही. तोच आपला जाडाभरडा मांजरपाट, ज्याच्या आधी चड्ड्या होतात, मग पिशव्या, मग गाळणी आणि शेवटी फरशीचं फडकं. राज्याला पक्षी होता, प्राणी होता, झाड होतं. (पक्षी कोणी पाहिलेला नाही, प्राणी पिंजऱ्यात आहे आणि झाड रस्ता रुंद करताना गेलं.) कापड तेवढं राहिलं होतं. आपल्या गल्ल्यांमधून मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा तेव्हा ते कोणाला सुचलं नाही. शेवटची शेड बंद झाली, माग भंगारात वजनावर गेले, सगळीकडे शांत शांत झालं, तेव्हा सरकारच्या ध्यानात आलं की हे आपलं वैभव आहे. ह्यांच्याबद्दलही शेडचा मुकादम पहिल्यांदा चांगलं बोलला तो शोकसभेतच.

नियमांचं पुस्तक वाचनालयात आलं, ते मी दोनदा वाचून काढलं. (दुसरं कोणी मागत नव्हतं.) राज्यवस्त्र पायाखाली येता कामा नये. त्याने फरशी, भांडी, नाक वा तत्सम काही पुसू नये. ते जाळू नये, विनाकारण फाडू नये, त्यावर डाग पाडू नये. सगळ्यात आधी सापडला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, कारण त्याच्या टेबलावर मांजरपाटाच्या चार घड्या अंथरलेल्या असतात. पाहणीला आलेला साहेब ओरडला, “राज्यवस्त्रावर तापलेली इस्त्री ठेवता?” तर हा म्हणतो, “मग थंड ठेवू का साहेब? गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवतो.” त्याचं टेबल जप्त झालं. आता तो इस्त्री हातात धरून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगतो. शिंप्याने कचेरीत जाऊन विचारलं की लोक ज्या चड्ड्या घालून बसतात त्यांचं काय, ते राज्यवस्त्रावर बसणं झालं ना? कारकून म्हणाला, वरून खुलासा मागवला आहे, तोवर शक्यतो उभं राहा.

माझंही फडकं गेलं. कठड्यावर वाळत होतं. साहेबाने ते दोन्ही हातांनी उतरवलं, अदबीने घडी घातली, माझी सही घेतली आणि बुटांवर पाणी ठिबकत असताना घेऊन गेला. बिचाऱ्या फडक्याला जन्मात पहिल्यांदा कोणी घडी घातली. मी दारात हसत उभी राहिले, वन्सं. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणून पुढचं माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

पुढचं असं. राज्यवस्त्रासाठी मोठं दालन बांधलं, मधोमध काचेची पेटी केली आणि मग शोध सुरू झाला, की पेटीत ठेवायला इथल्या मागावर विणलेला मांजरपाट कुठे आहे? कुठेच नव्हता. दुकानातला दुसरीकडून येतो. लोकांच्या घरातल्याची फडकी होऊन गेली होती (आणि आता ती जप्त होऊन कचेरीच्या तळघरात घड्या घालून पडली होती). तेव्हा तुमचा भाचा बोलून गेला, आमच्या आईच्या ट्रंकेत आहे.

कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको. शेड बंद झाली त्या दिवशी मालकाने ज्याच्या त्याच्या मागावरचं उरलेलं कापड ज्याला त्याला कापून नेऊ दिलं. हे घरी आले, त्याचे मधोमध दोन भाग केले आणि म्हणाले, एक ताईला, एक तुला. एवढंच. जेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ह्यांचा माग लंगडा होता. वीतभर नीट चालला की आडवा एक दोरा चुकवायचा आणि तिथे कापडात एक विरळ रेघ राहायची. मुकादमाने जन्मभर त्यावरून बोलणी घातली. हे म्हणायचे, “लंगडा माग आहे, मी नाही. त्याला हाकला.” दोघांनाही कोणी हाकललं नाही, शेवटी शेडच गेली. ते कापड मी शिवलं नाही, वापरलं नाही. हे गेल्यावर उशीवर अंथरायला काढलं. डोळे मिटून अंगठा फिरवला की रेघ लागायची, वीतभर सपाट, मग पुन्हा रेघ. छातीत बसलेल्या कापसाने ह्यांचा श्वासही शेवटी तसाच चालायचा. थोडा नीट, मग एक चुकलेला.

मी नाही म्हणाले. साहेब दोनदा येऊन गेले, दालनाच्या समितीच्या बाई येऊन गेल्या, शेजारीण म्हणाली, “अहो, काचेत राहील, झुरळं तरी लागणार नाहीत.” तरी मी नाही म्हणाले. मग कळलं की पेटीपाशी पहारेकरी नेमायचा आहे आणि कापड मिळालं तर तो तुमचा भाचा असेल. शेड बंद झाल्यापासून तो काय काय करतो ते मी तुम्हाला प्रत्येक पत्रात चांगल्या शब्दांत लिहीत आले आहे. खरं म्हणजे तो काही करत नाही, कारण त्याला कोणी काही करू देत नाही. तो माझ्याशी भांडला नाही. खाली बघून म्हणाला, “आई, कुठे लांब का जातंय? रोज येऊन बघ की.” सूनबाई आत एकच पातेलं घासत राहिली. इतकं घासलेलं पातेलं मी आजवर पाहिलेलं नाही. मी ट्रंक उघडली.

उद्घाटनाला मला मानाने बोलावलं आणि खांबाच्या मागे बसवलं. खुर्च्यांवर मांजरपाटासारखी दिसणारी नायलॉनची आवरणं होती, त्यांवरून लोक घसरत होते. पाहुण्यांनी दोरी ओढली तर पडदा बाजूला होण्याऐवजी दांडीसकट त्यांच्या डोक्यावर आला. आतून ते “ठीक आहे, ठीक आहे” म्हणत होते आणि लोकांना वाटलं भाषण सुरू झालं, म्हणून टाळ्या वाजल्या. मग राज्यवस्त्रासाठी सगळ्यांनी उभं राहायचं होतं. माझ्या शेजारचा म्हातारा, तोही जुना मागवाला, बसूनच राहिला. कार्यकर्ता म्हणाला, “आजोबा, उठा, मान द्या.” म्हातारा म्हणाला, “चाळीस वर्षं त्याच्यासमोर उभाच होतो रे बाबा. आता बसू दे.”

गर्दी पांगल्यावर मी पेटीपाशी गेले. वन्सं, कापड ओळखू येईना. पांढरंशुभ्र धुतलेलं, खळ घातलेलं, कडक. काचेला नाक लावून पाहिलं, रेघ कुठे दिसेना. तिथे एक तरुण मुलगी होती, जुनी कापडं दुरुस्त करण्याचं शिकून आलेली. चेहरा नुसता उजळलेला. म्हणाली, “आजी, फार खराब अवस्था होती. जागोजाग दोरे गेलेले. आम्ही एकेक दोरा भरून काढला, आता दोष शोधून सापडणार नाही.” तिची बोटं सुयांनी सोललेली होती. तिला काय बोलणार? मी म्हटलं, छान केलंस हो. आणि खरंच छान केलं होतं, तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही वाखाणलं असतंत.

पेटीखाली पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘विणकर : अज्ञात’. मी कारकुनाला विचारलं, तर त्याने मला बाजूला घेतलं. ज्याची वस्तू पेटीत, त्याच्या नात्यातल्या माणसाला तिथे नोकरी देता येत नाही, असा नियम आहे म्हणे. (पुस्तकात आहे, परिशिष्टात. मी परिशिष्ट वाचलं नव्हतं. यापुढे वाचीन.) “मावशी, नाव घातलं असतं तर पोरगा घरी बसला असता. मी आपलं ते गाळलं.” भल्या मनाने गाळलं त्याने. या सगळ्या प्रकरणात एक जरी दुष्ट माणूस सापडला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

तर आता तुमचा भाचा इस्त्रीच्या गणवेशात (नायलॉनच्या) दिवसभर अज्ञात विणकरापाशी उभा असतो. शाळेची मुलं येतात आणि विचारतात, काका, हे कोणी विणलं? तो पाटीकडे बोट दाखवतो. घरी आल्यावर हात धुतो, नीट जेवतो. अंगावर जरा मांसही धरलं आहे. मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस, तुझ्या बापाला चालेल.

बाकी सर्व ठीक. डोळ्यांचं मनावर घ्या. गुडघ्याला तेल लावा, आणि लावलं असं लिहू नका, खरंच लावा.

तुमच्या धाकट्याची बायको

ता.क. सावध करायचं म्हणाले ते राहूनच गेलं. तुमच्या वाटणीच्या कापडाचा आधी पडदा होता. मी मागे आले होते तेव्हा तो फडकं होऊन न्हाणीघरात बादलीच्या कडीवर लोंबत होता. हा आता गुन्हा आहे. या वयात तुम्हाला कचेरीची पायरी चढावी लागू नये, म्हणून ते फडकं माझ्याकडे पाठवून द्या. मी त्याची रीतसर विल्हेवाट लावीन.

दुसरा ता.क. वरचं सोडा. तुमच्याकडे पाहणीला कोण कशाला येतंय? शिवाय ओळखू न येण्याइतकं जीर्ण झालेलं कापड राज्यवस्त्र धरलं जात नाही, असं परिशिष्टात आहे. ते मला ओळखू येईल. मला ते हवं आहे. दोन विती पुरेत, म्हणजे मध्ये एक रेघ येईल. काळं पडलं असेल, वास येत असेल, तरी चालेल.

तिसरा ता.क. वन्सं, फाटकं तुम्हाला बघवत नाही हे मला माहीत आहे. हे एवढं सोसून घ्या. सुई लावू नका.