लाथ बसलेला दरवाजा

मी, वर्ना ऑस्टबी, वय एकाहत्तर, कै. एल्मर ऑस्टबी यांची पत्नी, राहणार मिलर्स बेंड, वॉशिंग्टन राज्य, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे पाय माझं ऐकत नाहीत, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात हे घर माझी बहीण आर्लिस हिला, म्हणजे पर्यायाने तिच्या नवऱ्याला दिलं होतं.

कलम १. आर्लिसचा नवरा लोवेल प्रेदर यास माझ्या घराचा पुढचा दरवाजा द्यावा. फक्त दरवाजा. पोलिसात असताना त्याने तो लाथ मारून उघडला आणि डॉक्टरांच्या शिफारशीने लावलेली माझी गांजाची झाडं मुळासकट उपटून नेली. डॉक्टरांच्या परवानगीचं कार्ड दाखवलं तर म्हणाला, "वर्ना, तुझं दुखणं कळतं गं मला, पण कायदा तो कायदा." बुटाची ती खूण मी कधी रंगवू दिली नाही. पुढे कायदा बदलला, आणि निवृत्त होताच याच गृहस्थाने हमरस्त्यावर गांजाचं चकचकीत दुकान थाटलं. दरवाजा त्याने तिथे दर्शनी भिंतीवर टांगावा. मालक कोण आहे ते गिऱ्हाइकांना कळेल.

कलम २. कायदे करणाऱ्या शहाण्यांना काही देऊ नये. हौगेनच्या सफरचंदांच्या शेडमागे आम्हा रुग्णांची सामाईक बाग होती. ज्याला उभं राहवे तो पाणी घाली, ज्याला राहवत नसे तो बसून पानं खुडी. धडधाकट माणसांच्या मौजेसाठी गांजा खुला झाला तेव्हा आम्ही वेड्यासारखे टाळ्या पिटत होतो. मग त्याच नव्या कायद्याने आमची बाग बंद झाली. "आता दुकानं आहेत की!" म्हणाले. दुकानात आमचं सौम्य वाण नाहीच. लोवेल हसला. "अगं, जे चढत नाही ते विकत कोण घेणार? या आंब्याच्या चवीच्या गांजाच्या गोळ्या ने." एक खाल्ली. संध्याकाळभर फ्रिज मला रागावतोय असं वाटत राहिलं, आणि पायांत येणारे गोळे होते तसेच. उरलेला डबा त्यालाच परत करावा.

कलम ३. आर्लिसला आईची चिनी मातीची भांडी. नवरा तिच्याकडे आहेच.

कलम ४. घर, जमीन आणि शिल्लक सगळी मारिसेला अगिरे हिला. ती सफरचंदं खोक्यात भरण्याचं काम करते. लहानपणापासून तिला फिट्स येतात. माझ्याकडच्या त्या सौम्य वाणाच्या तेलाने त्या थांबल्या. पण तिची खोली केंद्र सरकारच्या अनुदानाची. राज्यात जे चालतं ते केंद्राच्या लेखी अजून गुन्हाच. एक पान सापडलं तर पोरीला घेऊन ती रस्त्यावर. म्हणून रोज कामावर जाताना ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन चमचाभर घेते. मी इस्पितळात होते तेव्हा ती शेडमध्ये कोसळली, दोन दात गेले. "आजी, तुम्ही गेल्यावर मी कुठे जायचं?" तिने विचारलं होतं. कुठेही जायचं नाही, हे माझं उत्तर.

वकील पेट्री म्हणतात, "वर्नाबाई, झाड मृत्युपत्रात लिहू नका. कोर्टात वाचलं जातं हे." तर मी झाड लिहीत नाही. कपडे धुवायच्या खोलीतला दिवा कोणी बंद करू नये, एवढंच लिहिते. त्याखाली जे उभं आहे ते भिंतींसारखंच घराचा भाग समजावं.

दरवाजा लोवेलकडे गेल्यावर नवा बसेपर्यंत घर उघडंच राहील. मारिसेला, बाहेर अवघडून उभी राहू नकोस. आत ये, आणि आधी पाणी घाल.

(सही) वर्ना ऑस्टबी

आम्हा दोघांसमोर त्यांनी हे वाचलं आणि सही केली. हात स्थिर होता.
साक्षीदार: १. हॅरल्ड हौगेन  २. गिल पेट्री, वकील
मिलर्स बेंड, १४ ऑक्टोबर २०१७