हिरवी चिठ्ठी

वहिनी,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "हे तर ओढून पाहिल्याशिवाय झोपाळ्यावरही बसायचे नाहीत. मग कमरेचा दोर कसा नाही पाहिला?" मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत आहे.

इथे येण्याआधी मी आणि दादा शेजारच्या देशात बांधकामावर होतो. तिथला तपासनीस पाकीट घेऊन, गाडीतून न उतरताच दोरांच्या तपासणीवर सही करायचा. रस्त्यात माझी पर्स दोनदा हिसकावली गेली. पण त्या सहीवर कुणाचाच भरवसा नव्हता, म्हणून परांचीवर चढण्याआधी प्रत्येक जण आपला दोर ओढून बघायचा. दादा तर तीनदा.

इथे त्याला मीच बोलावलं. इथे विसरलेली पर्स परत मिळते, लाच घेणाऱ्याची नोकरी जाते. पहिल्याच दिवशी तो दोर ओढायला लागला आणि सगळे हसले. मला लाज वाटली.

"दादा, तपासणीची हिरवी चिठ्ठी आहे ना त्यावर? इथे कागद खोटं बोलत नाही. उगाच हसं करून घेऊ नकोस."

"बरं बाई. इंजिनिअरबाई म्हणतील तसं."

चौकशीचा अहवाल मी वाचला. तपासणी खरी होती, सहीही खरी. त्यानंतर दोन दिवसांनी वेल्डिंगच्या ठिणगीने दोर जळला होता. दादाचा पाय घसरला तेव्हा तो दोर तुटला. आधी एकदा ओढला असता, तरी हातात आला असता.

तुम्ही म्हणालात, "तू होतीस तिथे, तेवढाच आधार." तेवढा तुमच्याकडे राहू दे. हे पत्र मी पाठवत नाही.

तुमची नणंद