मर्लच्या फोनवर रस्ता खुला होता

विंटर्स क्रॉसिंग, टास्मानिया

प्रिय ड्यूगल,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण कौन्सिलच्या कचेरीत अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलास, दुसरं काय लिहू?

काल मर्लकडे गेले होते. तिचं बस चालवायचं लायसन्स काढून घेतलंय, बसही नेली. तिने चहा केला, लॅमिंग्टन केक पुढे ठेवले आणि एकदाच म्हणाली, “ब्रॉन्विन, मी वाचलं होतं गं. खुला आहे असंच लिहिलं होतं.” मला मान वर करवेना.

कुठला रस्ता खुला, कुठला बंद हे सांगणारं कौन्सिलच्या वेबसाइटवरचं ते पान आपण दोघांनी बांधलं. सर्व्हर एकाच उत्तरात दोन गोष्टी पाठवायचा: कुणालाही वाचता येईल असा तयार मजकूर आणि त्याच्या पोटात नकाशासाठी कच्ची माहिती. दोन्ही एकाच नोंदीतून निघावीत, एवढाच माझा हट्ट. तू म्हणालास, पुराच्या दिवशी ताण येतो, मजकूर एकदा बनवून अर्धा तास तोच साठवलेला देऊ; माहिती ताजी जाईल, तिच्यावरून फोन मजकूर बदलून घेईल. मजकूर बदलणारी ती स्क्रिप्ट जुन्या फोनवर चालत नाही, हे मी दोनदा बजावलं. तू हसलास. असले फोन आता म्हाताऱ्यांकडेच असतात, म्हणालास. मर्लच्या बसमध्ये दवाखान्याला निघालेले सहा म्हातारेच होते, ड्यूगल.

त्या सकाळी तिने पुलाअलीकडे बस थांबवून पान उघडलं. पुलावर पाणी नव्हतं. खालचा भराव वाहून गेला होता, तो वरून दिसत नाही. मजकूर म्हणाला, खुला. त्याच उत्तराच्या तळाशी माहिती म्हणत होती, बंद. बस पुलावर गेली आणि पूल खचून ती नदीत पडली. मर्ल आणि पाच जण बाहेर निघाले. अर्नी पास्को आतच राहिला.

आणि परवा चौकशीत तू तुझा नवा फोन वर धरून सांगितलंस की पान ‘बंद’च दाखवत होतं. मर्ल समोर बसली होती, तिच्याकडे बघितलंही नाहीस. लोक तिला खोटारडी समजून घरी गेले. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

त्या सकाळी मर्लच्या फोनला गेलेलं उत्तर सर्व्हरवर जसंच्या तसं सापडलं. प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या त्या बदलाखाली मंजुरी माझी आहे. वाद घालून दमले आणि होकार दिला. सोमवारी हे मीच चौकशीपुढे ठेवणार, दोघांच्या नावांसकट. तुला आधी कळवते आहे ते सावरायला वेळ मिळावा म्हणून नाही. मी बोलेन तेव्हा तू मर्लच्या समोर बसलेला असावास, म्हणून.

तुझीच, निदान सोमवारपर्यंत,
ब्रॉन्विन