गेरूने वाचलेला डोळा

४ फेब्रुवारी २०१४

श्रीनिवासच्या कपाळावर फोड. फक्त उजव्या बाजूला, भुवईपासून थेट केसांपर्यंत. मधली रेष एकानेही ओलांडलेली नाही. नागीण! त्याच्या थोरल्या बहिणीने, कुसुमताईंनीही ओळखली – आणि लगेच गेरू उगाळायला बसल्या. "नाव घेऊ नकोस गं तिचं. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो."

कुसुमताई, कपाळावर कसलं तोंड आणि कसली शेपूट!

५ फेब्रुवारी

संपतच्या रिक्षातून डोळ्याच्या डॉक्टरांकडे. एरवी तो मला वाघोलीच्या कॉलेजात सोडतो. डॉक्टर म्हणाले, "नाकाच्या शेंड्यावरही फोड आहे. डोळ्याला धोका. गोळ्या आजच सुरू करा. विषाणूचं वाढणं थांबेल. झालेलं नुकसान मला भरून काढता येणार नाही."

घरी ताई – "उष्ण गोळ्यांनी ती आत शिरते."

आत शिरते! ती आतच होती. लहानपणी याला कांजिण्या आल्या, तेव्हापासून त्यांचाच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून. बारावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते – बाहेर प्रथिनांचं कवच, आत जनुकांचा एवढासा धागा. ना खाणं, ना श्वास. पेशीबाहेर निव्वळ धूळ. पेशीत शिरला की मात्र तिच्याच भांड्यांत, तिच्याच शिध्यावर स्वतःच्या हजारो प्रती शिजवून घेतो आणि शेजारच्या पेशीत घुसतो. त्याला वरून गेरू फासून काय होणार? श्रीनिवासने मुकाट फासून घेतला. बँकेत मॅनेजर होता हा माझा नवरा!

६ फेब्रुवारी

गोळ्या बाथरूममध्ये घेतो – कडी लावून! ताईंना कळू नये म्हणून. घेतोय ना, मग मीही गप्प.

१७ फेब्रुवारी

खपल्या पडल्या. डोळा शाबूत. ताईंनी सोसायटीभर गेरूचं कौतुक सांगितलं आणि हा शेजारी उभा राहून म्हणतो, "ताईच्या हाताला गुण आहे हो!" घरात आल्यावर मी तडकले.

"अगं मंदा, तिला बरं वाटतं. आपलं काय जातं?"



२ मार्च

गेरूसाठी दारात माणसं! एका बाईला मी सरळ डॉक्टरकडे पिटाळलं, तर ताईंनी अन्न सोडलं. श्रीनिवास म्हणतो, मी माफी मागावी. मी म्हटलं, आधी तू गोळ्यांचं सांग. "सांगतो गं. सवडीने."

२१ मार्च

बरेच दिवस संपतची रिक्षा आली नाही. आज नाक्यावर दिसला. कपाळभर गेरू, डावा डोळा सुजून मिटलेला.

"ताईंकडनं रोज लावून घेतोय, म्याडम. तुमी कॉलेजात असता तवा."

"अरे, तूच ना आम्हाला डॉक्टरकडे नेलंस?"

"व्हय. पर सायबच म्हनले, डोळा गेरूनं वाचला. गोळ्या फेकल्या म्हनले."

फेकल्या म्हणाला! तशीच त्याला दुसऱ्या रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बराच वेळ तपासत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?"

२६ मार्च

संपतला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दिसणारही नाही.

श्रीनिवासने आज ताईंपुढे गोळ्यांची रिकामी पाकिटं ठेवली. आज!