माक्याचं तेल आणि सुरतेची हवा

माय, आज पुन्हा माका आणला. कामरेजकडून भाजी घेऊन येणारी एक बाई पर्वत पाटियाच्या नाक्यावर बसते, ती माझ्यासाठी दर रविवारी एक जुडी वेगळी काढून ठेवते. तिच्या शेताच्या बांधावर तो तणासारखा उगवतो, तिला त्याचं काही कौतुक नाही. मी त्याला भृंगराज म्हणते, म्हणजे भुंग्यांचा राजा. ज्याचे केस गळतात त्याला नावाचा तरी आधार लागतो. पानं धुतली, वाटली, फडक्यातून पिळून रस काढला, खोबरेल तेलात घालून मंद आचेवर ठेवला. खिडकीबाहेर भाद्रपदातली सुरत आहे. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती ओल्या टॉवेलसारखी अंगावर टाकलेली हवा. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही वाळलेले नाहीत आणि न्हाणीघराच्या जाळीवर माझ्या केसांचा एवढा गुंता, की आधी मला तो उंदीर वाटला. फ्रिजवर चुंबकाखाली डॉक्टरांची एक चिठ्ठी आहे. तिच्यावर रक्ताच्या तपासणीचं नाव आहे: थायरॉइड. तिला आज तीन आठवडे झाले. मी तपासणीला गेलेली नाही, आणि तेल मात्र तिसऱ्यांदा उकळलं.

हे तेल तूच शिकवलंस, शिकवते आहे असं न म्हणता. डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत स्टोव्हपुढे तू पाटावर बसलेली असायचीस आणि मी तुझ्या मागे भिंतीला टेकून संस्कृतची रूपं घोकत असायची. रस आटत आला की तू कापसाची वात वळून तेलात बुडवायचीस आणि पेटवायचीस. तडतडली तर आत पाणी उरलंय, अजून उकळायचं. गुपचूप जळली तर झालं. पाणी उरलेलं तेल सुरतेत चार दिवसांत आंबतं, बाटलीच्या तळाशी बुरशी धरते, हे तुला एक बाटली फेकावी लागल्यावर कळलं होतं. पुढे मी एम.ए.ला गेले, तेव्हा एका पोथीत तेलाचे मृदू, मध्यम आणि खर असे पाक वाचले आणि वातीची हीच परीक्षा वाचली. घरी येऊन तुला मोठ्या थाटात सांगितलं, की हे सगळं शास्त्रात आहे. तू म्हणालीस, ‘‘मंग त्यास्नी मालेच इचारं व्हई.’’ तू चौथीपर्यंत शिकलेली. तुझ्यापुढे माझी पदवी नेहमी अशी आखूड पडायची, परकरासारखी.

जळगावकडच्या बायका रात्री तेल थापून दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवतात. तिकडची हवा कोरडी, डोकं तेल पिऊन टाकतं. आपल्या गल्लीतल्या साऱ्या खान्देशी बायका इथे येऊनही तेच करत राहिल्या. इथे घाम आणि तेल एकत्र मुरतं, डोक्याला खाज सुटते, कोंडा धरतो, आणि केस गळतात म्हणून पुन्हा तेल. तू एकटीनेच रीत बदललीस. न्हाण्याआधी तासभर तेल, मग रिठ्याने धुवायचं, पंख्याखाली बसून केस मुळापर्यंत वाळवायचे, मगच वेणी. ओल्या केसांची वेणी घातली तर तू पाठीत धपाटा घालायचीस. शेजारणींना सांगायचीस, ‘‘तेलले आठे मुक्काम नही. पाहुनासारखं, चहा पी अन् निंघ.’’ एवढं शहाणपण तुझ्याकडे होतं, माय. म्हणून तर मला जास्त लागतं. जिला तेलाचं इतकं कळत होतं, तिला आणि आम्हाला तेलापलीकडचं काही दिसलं नाही.

तुझे केस गळायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तू घरी साड्यांना खडे लावायचीस. मांडीवर साडी, बाजूला गोंदाची ट्यूब, खडे एका ताटलीत. बाबा खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायला गेले की तुझं हे काम सुरू व्हायचं. एक दिवस माल देणारी बेन परत आली, साडी उलगडून तुझ्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘‘बेन, आ जो. साडीमां वाळ.’’ पदरावरच्या खड्याखाली गोंदात तुझा लांब केस चिकटून वाळला होता. एक नाही, सात-आठ ठिकाणी. ती ओरडली नाही, पण साडी अशी दोन बोटांत धरली होती, की त्यापेक्षा ओरडणं बरं. तू सुईच्या टोकाने एकेक खडा उचकटलास, केस काढलास, खडा पुन्हा बसवलास. अख्खी दुपार गेली. दुसऱ्या दिवसापासून तू डोक्याला बाबांचा रुमाल बांधून कामाला बसलीस आणि कुणी विचारलं तर सांगितलंस, ‘‘हाई सुरतनी हवा शे. पानीबी खारं, हवाबी खारी.’’

हे आपल्या गल्लीचं ठरलेलं उत्तर होतं. पोराचं वजन वाढेना, हवा. पापडाला वास आला, हवा. सासू-सुनेचं पटेना, तीही हवाच. गाव सोडून आलेल्या माणसाला दोष द्यायला काहीतरी लागतं आणि हवा कधी भांडायला येत नाही. तू थकायला लागलीस, दुपारी खडे हातात घेऊनच पेंगायला लागलीस, चेहरा सुजल्यासारखा झाला, आवाज जाड झाला, आणि दर वेळी आपण सगळ्यांनी मिळून हवेला बोल लावला. मग तुला थंडी वाजायला लागली. सुरतेत, सप्टेंबरात. लोक बनियनवर बसलेले आणि तू बाबांचं स्वेटर घालून, वर शाल लपेटून खडे लावते आहेस. आणि मी काय केलं? मी त्यावर श्लोक रचला. चांगला मात्रा-गण तपासून. आमच्या घरी हिमालय उतरला आहे आणि त्याच्या पायथ्याशी एक तपस्विनी रत्नं जडवते आहे, अशा अर्थाचा. शेजारच्या बायकांना तो म्हणून दाखवला, अर्थ सांगितला. त्या पोट धरून हसल्या. तू खाली मान घालून एक खडा बसवलास, मग म्हणालीस, ‘‘माले थंडी वाजी रायनी अन् हाई गाणं म्हनी रायनी.’’ आणि तूही हसलीस. उशिरा हसलीस. त्या दिवसांत तुझं सगळंच उशिरा व्हायचं, हाक मारली तरी तू जरा वेळाने वळून बघायचीस. मला वाटलं, श्लोक कळायला वेळ लागला.

पुढची दहा वर्षं तशीच गेली. माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. तू तिच्या टाळूवर हेच तेल थापायचीस. मग तुला दम लागायला लागला आणि आम्ही तुला दवाखान्यात नेलं. तो तरुण डॉक्टर तुझ्या हाताला हात लावून, तुझ्या भुवया बघून, माझ्याकडे वळला. ‘‘यांना थंडी किती वर्षांपासून वाजते?’’ मी अजून काही सांगितलंच नव्हतं. त्याला कसं कळलं, हे विचारायचंही सुचलं नाही. तो म्हणाला, थायरॉइड आहे, फार जुना आहे, हृदयाभोवती पाणी झालंय. म्हणाला, वेळेवर कळलं असतं तर रोज सकाळी एक बारीकशी गोळी, बाकी काही नाही. तू आठव्या दिवशी गेलीस. बाबांनी सगळ्यांना हार्ट असं सांगितलं. मी ते दुरुस्त केलं नाही. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, ही तेवढी राहू दिली.

आता मी त्रेपन्नची. उन्हाळ्यापासून केस गळताहेत, पायऱ्या चढताना थांबावं लागतं. तुझी नात, ती आता चोवीस वर्षांची, बँकेत नोकरीला आहे, तिने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तिथे डॉक्टरबाईंनी सरळ प्रश्न विचारले. थंडी वाजते का? मी म्हटलं, सुरतेत कुणाला वाजते. त्या हसल्या, मुलगी हसली. लोकांना हसवून सुटायची माझी सवय अजून गेली नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला थायरॉइड होता का, आईला, मावशीला? मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली. मी म्हटलं, नाही. बाईंनी तरीही तपासणी लिहून दिली. रस्त्यात मी मुलीला सांगितलं, की माका आणते, महिनाभर तेल लावते, मग बघू. ती म्हणाली, ‘‘मम्मी, तेल लाव ना, ना कोण म्हणतं? पण टेस्ट पण करावी ले.’’ तिची भाषा अशीच आहे, तीन राज्यांच्या परवानगीने चालणारी. पण बुद्धी तुझी आहे. तेल तेलाच्या जागी, हे तिला कळतं.

आज सकाळी ती आपण होऊन माझ्यापुढे येऊन बसली. कढईतलं तेल कोमट झालं होतं. म्हणाली, मलापण लाव. मी तिचा भांग पाडला आणि माझा हात तसाच राहिला. भांग रुंद झालाय, माय. पूर्वी धाग्याएवढा होता, आता बोटाएवढा आहे. मी विचारलं, गळतात का गं? ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, ‘‘बधांचेच गळतात ना मम्मी, सगळ्यांचे. सुरतनी हवा.’’ तुझं वाक्य, तुझ्याच चालीवर. तू गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती, तुझ्याकडून ऐकलेलं तिला आठवणं शक्य नाही. म्हणजे ते तिला मी दिलं. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हो. तिच्या डोक्याला तेल लावलं, तासाभराने धुवायला सांगितलं, पंख्याखाली वाळव म्हणाले. सगळं तुझ्या पद्धतीने, कुठेही चूक नाही. मग ती न्हायला गेली आणि मी इथे ओट्याशी उभी राहून लिहायला घेतलं, कारण तुझ्याशिवाय हे सांगायला कुणी नाही.

इथवर लिहून मी थांबले होते. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा तिला म्हटलं, बस, बोलायचंय. सांगितलं तिला. आजीला हार्ट नव्हतं, थायरॉइड होता, दहा वर्षं कुणाला कळला नाही. डॉक्टरांपुढे मी खोटं बोलले. उद्या सकाळी आपण दोघीही उपाशीपोटी तपासणीला जायचं, तुझंही रक्त द्यायचं. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला. मग तिने विचारलं, ‘‘दहा वर्षं? घरात कुणालाच काही दिसलं नाही?’’ मी म्हटलं, केस गळायचे, थकायची, थंडी वाजायची. आम्हाला वाटलं, हवा. ती उठली, फ्रिजवरची चिठ्ठी काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. तिचा आता माझ्यावर तेवढा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. म्हणाली, ‘‘तुमची पण काय चूक, मम्मी. तुम्हाला माहीतच नव्हतं.’’

हे पत्र मी तिला वाचायला देणार होते, म्हणजे तोंडाने सांगायची वेळ आली नसती. दिलं नाही. घडी करून पोळपाटाखाली ठेवते आहे. तिला मी सगळं सांगितलं माय, फक्त श्लोकाचं सांगितलं नाही. मला तो अजून पाठ आहे.