उद्याच्या सीनसाठी मिशी

पळसदरी, मंगळवार, २० मार्च १९७९

जीपगाड्या पेटवायला पैसा आहे या पिक्चरवाल्यांकडे, आणि लोकांना हसवायला माझीच मिशी सापडली! धरणावर आज हिरोनं ती धरून मला गरागरा फिरवलं. खोटंखोटं ओढीन म्हणाला होता. खोटंखोटं? ओठ अजून ठणकतोय. डोळ्यांत पाणी आलं तर डायरेक्टर ओरडला, "झकास! पुन्हा एकदा!" सगळं गाव खिदळत होतं. फक्त आमचे आबा हसले नाहीत. मान खाली घालून उभे होते.

सीन अर्धाच झालाय, बाकीचा उद्या. निघताना डायरेक्टरनं मला बजावलं, मिशी अशीच पाहिजे, नाहीतर आजचं सगळं शूटिंग वाया.

वाया? तेव्हाच मनात ठरवलं.

पण घरी येऊन वस्तरा हातात घेतला आणि थबकलो. आमच्यात मिशी काढतात ती बाप गेल्यावर. आबा तर समोर ओटीवर बसलेले. त्यांच्या देखत कशी काढू?

आबांनी बघितलं. उठले, आरसा आणून माझ्यासमोर धरला.

"काढ रं. इचारलं तर सांग, बाप मेला. मी येतो संगं, सांगायला."